प्राचीन ग्रीकांचं रोजचं जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीकांचा विषय निघाला की लोक आधी तत्त्वज्ञान विचारतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात येतात ते प्रश्न जेवणाचे, संडासाचे आणि हुंड्याचे. मला विचाराल तर हेच बरोबर आहे. संगमरवरी पुतळ्यांनी त्या माणसांना उगाच थंड करून ठेवलंय. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. जिथे उत्तर दुसरीकडे आलंय तिथे त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. "प्राचीन ग्रीक" म्हणजे नेमके कोण आणि केव्हाचे?

ग्रीस नावाचा एक देश तेव्हा नव्हता. शेकडो नगरराज्यं होती, प्रत्येकाचे कायदे वेगळे, नाणी वेगळी, महिन्यांची नावंसुद्धा वेगळी. भाषा (बोली निरनिराळ्या), देव आणि ऑलिंपियासारख्या ठिकाणचे खेळ एवढं सामाईक. बाकी वेळ एकमेकांशी लढण्यात जायचा. खाली वेगळं सांगितलं नसेल तिथे अथेन्स आणि इ.स.पू. पाचवं-चौथं शतक समजा. अथेन्स सगळ्यांत मोठं होतं म्हणून नव्हे, लिखाण सगळ्यांत जास्त तिथलं उरलं म्हणून.

२. त्यांच्या घरात काय चालायचं हे आज कळतं कसं?

मुख्यतः भांडणांतून आणि कचऱ्यातून. कोर्टात केलेली भाषणं टिकली आहेत, आणि कोर्टात माणूस घरातल्या जिन्यापासून बायकोच्या पावडरीपर्यंत सगळं सांगतो. ॲरिस्टोफेनिसची विनोदी नाटकं आहेत. विनोद प्रेक्षकांच्या ओळखीचा असावा लागतो, म्हणून त्यात बाजारभाव, डाळींचं सूप, पिसवा सगळं येतं. शिवाय विहिरीत टाकलेली फुटकी भांडी आणि दगडावर कोरलेले सरकारी हिशेब.

एक अडचण मात्र कायम लक्षात ठेवायची: लिहिणारे जवळपास सगळे खाऊनपिऊन सुखी पुरुष. अथेन्सच्या एखाद्या गृहिणीने स्वतःच्या संसाराविषयी लिहिलेलं काहीही आपल्यापर्यंत आलेलं नाही.

३. रोजच्या जेवणात काय असायचं?

मराठी माणसाला हे चटकन कळतं. त्यांच्या जेवणाचे दोन भाग: "सितोस" म्हणजे धान्याचं पोटभरीचं, आणि "ओप्सोन" म्हणजे त्याला तोंडी लावायचं. भाकरी आणि कालवण. इंग्रजी पुस्तकांतून ओप्सोन समजावताना लेखकांची दमछाक होते, आपल्याला ती गरज नाही.

अथेन्सच्या आसपासची जमीन खडकाळ, पाऊस कमी. गव्हापेक्षा सातू बरा यायचा. गहू बराचसा काळ्या समुद्राकडून जहाजाने. म्हणून गरिबाचं रोजचं खाणं म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ पाण्यात, दुधात, तेलात किंवा मधात कालवून केलेला गोळा. बहुतेक वेळा तो पुन्हा भाजतही नसत. कोकणात सातूचं पीठ खाल्लेल्यांना चव सांगायला नको. या गोळ्याचं नाव साधारण "माझा" असं उच्चारायचं, आणि हे सांगितलं की प्रत्येक वेळी कोणीतरी हसतंच. गव्हाची भाजलेली पाव-रोटी ही जराशी वरची गोष्ट.

तोंडी लावायला ऑलिव्ह, चीज, कांदा, लसूण, मसूर, हरभरे, बाकल्याच्या शेंगा, सुके अंजीर. समुद्र जवळ असल्यामुळे मासळी. गरिबाला फालेरोनच्या किनाऱ्यावरची बारीक मासळी, श्रीमंताला कोपाइस तळ्यातला वाम. धने, जिरे, तीळ त्यांच्याकडेही होते आणि लग्नात तीळ-मधाची वडी असायची. बटाटा, टोमॅटो, मिरची, मका आणि साखर मात्र नाही. गोडाला मध, त्यातही हिमेटोस डोंगरावरचा नामांकित.

आणि शिष्टाचार? धान्य भरपूर, कालवण बेताचं. उलटं करणाऱ्याला "ओप्सोफागोस" म्हणत, म्हणजे नुसतं कालवण मटकावणारा, आणि ती शिवी होती. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफोनने त्याचा एक किस्सा दिलाय: पंगतीत एक तरुण नुसतंच कालवण खात होता. सॉक्रेटिसने त्याच्यादेखत हा विषय काढल्यावर त्याने घाईघाईने रोटी उचलली. तेव्हा सॉक्रेटिस शेजाऱ्यांना म्हणाला, जरा लक्ष ठेवा, हा रोटीला कालवण लावतोय की कालवणाला रोटी.

४. ते शाकाहारी होते का? मांस रोज खायचे का?

तत्त्व म्हणून शाकाहारी फक्त थोडे पंथ. पायथागोरसचे अनुयायी त्यांत प्रसिद्ध. बाकीच्यांना मांस आवडायचं, पण मिळायचं सणासुदीला. शेळी, मेंढी, डुक्कर, बैल यांचा बळी द्यायचा, मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची आणि मांस माणसांनी वाटून खायचं. देवाला हाडं आणि आपल्याला मांस हे कसं काय, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. प्रोमिथियसने देवांचा राजा झ्यूसला हाडांचा वाटा घ्यायला लावून फसवल्याची कथा त्याचंच उत्तर आहे. बाजारात सॉसेज मिळायचे, शिकारही व्हायची. मासळी सहसा बळीच्या हिशेबात धरली जात नसे, म्हणून ती कधीही खा.

५. वाइनमध्ये पाणी का घालत? परवडत नव्हती म्हणून?

नाही, श्रीमंतही घालायचे. निव्वळ वाइन पिणं हे रानटीपणाचं लक्षण. उत्तरेकडच्या सिथियन लोकांचं नाव त्यासाठी बदनाम होतं. मोठ्या भांड्यात एक भाग वाइनला दोन-तीन भाग पाणी, प्रमाण यजमान ठरवणार. त्या भांड्याचं नावच "मिसळण्याचं भांडं" या अर्थाचं. आजच्या ग्रीक भाषेत वाइनला "क्रासी" म्हणतात, तोही शब्द मिसळण्यावरूनच आलाय. अपवाद सकाळचा: रोटीचा तुकडा निव्वळ वाइनमध्ये बुडवून खायचा, तोच नाश्ता.

६. घर कसं असायचं?

बाहेरून अगदी साधं. पायाला दगड, वर कच्च्या विटांच्या भिंती, मातीची कौलं. रस्त्याकडे जवळजवळ बंद आणि आत चौक. खोल्या चौकाकडे तोंड करून. वाडा म्हणा ना. उत्तर ग्रीसमधलं ऑलिंथस शहर इ.स.पू. ३४८मध्ये मॅसेडोनच्या फिलिपने उद्ध्वस्त केलं, आणि १९२८पासून तिथे उत्खनन झालं तेव्हा घरंच्या घरं नकाशासकट मिळाली: साधारण १७ मीटर लांब, तेवढीच रुंद. पुरुषांच्या बैठकीची खोली ओळखायची खूण मजेदार आहे. तिचा दरवाजा मध्यावर नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. भिंतीलगत लोडाचे पलंग ओळीने बसावेत म्हणून.

कच्च्या भिंतींचा एक परिणाम भाषेत उरलाय. चोर दाराशी झटापट करण्यापेक्षा भिंतीला भोक पाडायचा, म्हणून चोराला त्यांचा शब्दच "भिंत खणणारा". आपला घरफोड्या!

आता आतला नजारा. लिसियासने एफिलेटोस नावाच्या माणसासाठी कोर्टाचं भाषण लिहून दिलं. याने बायकोच्या प्रियकराला घरात पकडून ठार मारलं होतं. तो न्यायाधीशांना सांगतो: माझं छोटं दुमजली घर. वर बायका, खाली मी. मूल झालं, त्याला न्हाऊ घालायला बायकोला सारखी शिडी उतरायला नको, म्हणून मी वर गेलो आणि बायकांना खाली दिलं. एक दिवस मी शेतावरून अचानक आलो. जेवणानंतर मूल रडायला लागलं. खाली तो प्रियकर होता, आणि दासी मुद्दाम पोराला रडवत होती. मी बायकोला म्हटलं जा, पाज त्याला. आधी नाही म्हणाली, मग थट्टेत म्हणाली, मी गेले की तू इथे त्या पोरीच्या मागे लागायला मोकळा. आणि जाताना बाहेरून कडी घालून किल्ली घेऊन गेली. रात्री दारं वाजली. सकाळी विचारलं तर म्हणते, बाळाजवळचा दिवा विझला होता, शेजारून पेटवून आणला. तिच्या भावाला जाऊन तीस दिवस झाले नव्हते, तरी तिच्या तोंडाला पावडर होती, हे मी पाहिलं. पण बोललो नाही.

खटल्याचा निकाल काय लागला हे कुठेच नोंदलेलं नाही. मला मात्र त्या खुनापेक्षा शेजारून दिवा पेटवून आणणं जास्त लक्षात राहतं. काड्यापेटी नसलेल्या जगात ही सबब अगदी पटण्यासारखी होती. (मारला गेलेल्याचं नाव एराटोस्थेनिस. पृथ्वीचा परीघ मोजणारा तो हा नव्हे.)

७. सगळे पांढऱ्या चादरी गुंडाळून फिरायचे का?

गुंडाळायचे हे खरं, पांढऱ्याच असं नाही. विणलेलं कापड बहुतेक न कापता, टाचण्या आणि कमरपट्टा वापरून अंगावर बसवायचं. आत खितोन नावाचा अंगरखा, वरून शालीसारखं हिमातिओन. धोतर-उपरण्याच्या आणि लुगड्याच्या देशात यात नवल वाटू नये. रंग भरपूर: केशरी, जांभळा, लाल, काठांवर नक्षी. पुतळेही रंगवलेले असायचे, रंग उडाला म्हणून आपल्याला सगळंच पांढरं वाटतं. कापड बहुतांशी लोकरीचं आणि घरच्या बायकांनी विणलेलं.

८. आंघोळ, साबण, संडास?

साबण नव्हता. राखेचं पाणी, खार, एक प्रकारची मुलतानी मातीसारखी माती. व्यायामशाळेत अंगाला तेल चोळायचं, मग घाम-धूळ-तेल एका वाकड्या धातूच्या पट्टीने खरवडून काढायचं. सार्वजनिक न्हाणीघरंही होती.

घरात भांडं, आणि ते रिकामं करायला गल्ली. शहराच्या सफाईवर दहा अधिकारी होते, पाच शहरात आणि पाच पिरेयस बंदरात. मैला वाहणाऱ्यांनी तो तटापासून दहा स्टेडियमच्या, म्हणजे जवळपास दोन किलोमीटरच्या आत टाकायचा नाही, हे पाहणं त्यांचं काम. शिवाय रस्त्यावर गॅलरी काढू द्यायची नाही, सांडपाण्याची पन्हळ रस्त्यावर सोडू द्यायची नाही, रस्त्यात बेवारस मेलेल्याचं प्रेत उचलायचं. आणि याच खात्याकडे आणखी एक जबाबदारी: बासरी वाजवणाऱ्या मुलींना दोन ड्राख्मांपेक्षा (नाण्यांचा हिशेब दहाव्या प्रश्नात) जास्त बिदागी द्यायची नाही. एकीलाच दोघांनी बोलावलं तर चिठ्ठ्या टाकायच्या! आपल्या वॉर्ड ऑफिसला इतकं वैविध्य अजून लाभलेलं नाही.

९. त्यांना आडनावं नव्हती, मग ओळखायचे कसे?

स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. अथेन्सचा नामांकित पुढारीच घ्या: पेरिक्लीस, क्सांथिप्पोसचा मुलगा, खोलार्गोसचा. मराठीत सरळ "पेरिक्लीस क्सांथिप्पोस खोलार्गोसकर" म्हणा. क्लेइस्थेनिस या पुढाऱ्याने इ.स.पू. ५०८च्या सुमारास अथेन्सची १३९ "देमे" म्हणजे गाव-वॉर्डांत विभागणी केली, आणि तेव्हाच्या गावाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. तीन पिढ्या शहरात काढल्या तरी नोंद मूळ गावातच. पुण्यात जन्मलेला कोल्हापूरकर असतो तसं. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धतही ओळखीचीच.

बारसं दहाव्या दिवशी. त्याआधी बाळाला घेऊन चुलीभोवती फेरा. दारावर मुलगा असेल तर ऑलिव्हची माळ, मुलगी असेल तर लोकर.

१०. कमाई किती असायची? आणि नाणी तोंडात ठेवायचे हे खरं का?

हिशेब असा: ६ ओबोलचा १ ड्राख्मा, १०० ड्राख्मांचा १ मिना, ६० मिनांचा १ टॅलंट. अक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीवरच्या एरेक्थिओन मंदिराचे बांधकामाचे हिशेब दगडावर आहेत. पाचव्या शतकाच्या अखेरीस कारागिराला दिवसाला १ ड्राख्मा. नागरिक, परका रहिवासी आणि गुलाम, तिघांना दर सारखाच. फरक इतकाच की गुलामाचा मोबदला मालकाच्या हिशेबात. कोर्टात ज्युरी म्हणून बसलं की ३ ओबोल.

आणि हो, तोंडात ठेवायचे. ओबोल चिमुकला, चांदीचा, खिसा नसलेल्या कपड्यातून घरंगळणारा, गालात सुरक्षित. ॲरिस्टोफेनिसच्या एका नाटकातला म्हातारा सांगतो की मी ज्युरीचे पैसे घेऊन घरी आलो की लेक लाडीगोडी लावून जिभेने ते ओबोल तोंडातून काढून घेते. त्याची आणखी एक तक्रार: जोडीदाराने एकत्र मिळालेला ड्राख्मा मासळीबाजारात मोडला आणि माझ्या हातावर तीन खवले ठेवले. ओबोल समजून मी ते तोंडात टाकले!

११. त्यांचे महिने कसे होते? वार होते का?

वार नव्हते. महिना चांद्र, २९ किंवा ३० दिवसांचा, अमावास्येनंतर नवी कोर दिसली की पहिली तारीख. आपल्याकडे महाराष्ट्रातही महिना अमावास्येलाच संपतो, त्यामुळे हे सोपं जातं. मेळ बसवायला अधिक महिनाही धरायचे, बहुधा पोसाइदेओन हा हिवाळी महिना दोनदा. शेवटच्या दहा दिवसांची मोजणी उलटी, उरलेले दिवस मोजत. कर्जाचं व्याज महिन्याच्या हिशेबाने असल्यामुळे कर्जबाजाऱ्याला झिजत चाललेला चंद्र बघून धडकी भरायची. एका नाटकाची सुरुवात अशाच झोप उडालेल्या बापाने होते.

१२. बायकांना घराबाहेर पडायला बंदी होती का?

सुखवस्तू घरांत आदर्श तसाच होता. झेनोफोनने रंगवलेला नवरा पंधराही पूर्ण न झालेल्या बायकोला घर कसं चालवायचं हे शिकवत बसतो. नवरा सहसा तिशीचा असायचा. पण आदर्श पाळायला पैसे लागतात. ॲरिस्टॉटलनेच विचारलंय, गरिबांच्या बायकांना बाहेर जाण्यापासून अडवणार कसं? पाणी आणायला, बाजारात विकायला, शेतावर कोण जाणार?

डेमोस्थेनिसने लिहिलेल्या एका भाषणात नागरिकत्व धोक्यात आलेला माणूस उभा आहे. विरोधक म्हणतात, याची आई बाजारात फिती विकते आणि दुसऱ्यांची मुलं पाजायची, ही नागरिक असणंच शक्य नाही. तो म्हणतो, हो विकते, गरिबी आहे. आणि बाजारात काम करण्यावरून कोणाला हिणवायला कायद्याने बंदी आहे. असा कायदा करावा लागला यातच किती जणी बाजारात बसत असतील ते कळतं.

शिवाय बायकांचे स्वतःचे सण होते. थेस्मोफोरिया तीन दिवस, पुरुषांना मज्जाव. अंत्यविधीत त्या पुढे असायच्या; वर सहाव्या प्रश्नातल्या प्रियकराने त्या बाईला पहिल्यांदा पाहिलं ते सासूच्या अंत्ययात्रेत. आणि अथेनाची मुख्य पुजारीण बाईच; लिसिमाखे नावाची एक ६४ वर्षं त्या पदावर होती.

१३. हुंडा होता का? आणि घटस्फोट झाला तर?

हुंडा होता, पण तो नवऱ्याचा व्हायचा नाही. तो वापरायचा, घटस्फोट झाला की परत. परत केला नाही तर मिनामागे महिन्याला ९ ओबोल, म्हणजे द.सा.द.शे. १८ व्याज. त्यामुळे भारी हुंड्याची बायको सोडणं महाग पडे. बाईचा हुंडा तिच्यासाठी ढालही होता, हे मला आपल्याकडच्या हुंड्यापेक्षा फार वेगळं वाटतं. तरी हक्क तिच्या हातात नसे. माहेरचा पुरुष तो वसूल करणार.

कठीण अपवाद: बापाला मुलगाच नसेल तर मुलीबरोबर इस्टेट जायची, आणि तिच्याशी लग्न करण्याचा पहिला हक्क चुलत्याचा, मग चुलतभावाचा. कधी कधी त्यासाठी आधीचं लग्नही मोडलं जाई.

१४. आई परदेशी असेल तर मूल अथेन्सचं नागरिक होई का?

इ.स.पू. ४५१पासून नाही. आईबाप दोन्ही नागरिक हवेत, असा कायदा खुद्द पेरिक्लीसने करून घेतला. पुढे त्याची दोन्ही औरस मुलं साथीत गेली. उरला तो मिलेटोस या दुसऱ्या शहरातल्या अस्पासियापासून झालेला मुलगा. मग त्याच लोकसभेसमोर सवलत मागायची वेळ आली आणि ती मिळाली. या मुलाचं नावही पेरिक्लीस. त्याला इ.स.पू. ४०६मध्ये आर्गिनुसाईच्या लढाईनंतर इतर सेनापतींबरोबर याच लोकांनी मृत्युदंड दिला.

१५. गुलामांशी बरं वागत असत, असं वाचलं. खरं का?

घरातल्या काहींशी, कधी कधी. पण इ.स.पू. ४१४च्या सरकारी लिलावाची यादी वाचा. पिरेयसमध्ये राहणाऱ्या केफिसोदोरोस नावाच्या परक्या रहिवाशाची मालमत्ता जप्त झाली, तिच्यात १६ गुलाम. थ्रेसची बाई १६५ ड्राख्मा. सीरियन पुरुष ३०१. कारियाचं लहान मूल ७२. नाव नाही, फक्त देश आणि किंमत.

सर्वांत वाईट लाव्रिओनच्या चांदीच्या खाणीत. निकियास या सेनापतीने तिथे हजार माणसं भाड्याने दिली होती, माणशी दिवसाला एक ओबोल. आणि कोर्टात गुलामाची साक्ष नियमानुसार छळ करूनच घ्यायची. पासिओन हा गुलाम सावकारी पेढीचा मालक आणि शेवटी नागरिक झाला हेही खरं, पण तो एक पासिओन.

१६. सगळ्यांना लिहितावाचता येत होतं का?

नाही. शाळेला फी, सरकारी शाळा नाही. दहा वर्षांसाठी हद्दपार करायच्या माणसाचं नाव खापरीवर लिहून मत द्यायची पद्धत होती, त्यावरून बहुतेक जण साक्षर असावेत असं पूर्वी म्हणायचे. मग अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं नाव असलेल्या १९० खापऱ्या मिळाल्या आणि अक्षरं पाहिली तर लिहिणारे हात अवघे चौदा. म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ढीग तयार ठेवला होता, मतदाराच्या हाती द्यायला. निवडणुकीतल्या चिठ्ठ्या आठवल्या ना?

१७. स्पार्टाविषयी इतकं कमी का?

कारण स्पार्टाबद्दल लिहिणारे बहुतेक बाहेरचे. कोणी भारावलेले, कोणी शत्रू. काळा रस्सा, सामुदायिक पंगती, मुलग्यांचं लष्करी शिक्षण, शेती कसणारे हेलोट हे पक्कं. बारीकसारीक किस्से मात्र शेकडो वर्षांनंतरच्या प्लुटार्क या चरित्रकाराकडून येतात, ते जपून घ्यावेत.

१८. कार्ल्याच्या लेण्यातले "यवन" म्हणजे हेच लोक का?

हेच नव्हेत. मधे काही शतकं गेलीत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या काही खांबांवर धेनुकाकट इथल्या यवनांनी दिलेलं दान कोरलंय. जुन्नरलाही यवन दाते आहेत, नाशिकच्या लेण्यांतही एक उत्तरेकडचा. पण नावं बहुतेक भारतीय, श्रद्धा बौद्ध. "यवन" हा शब्द आयोनियन ग्रीकांवरून आला हे नक्की. तो लावला जाणारा प्रत्येक जण ग्रीक होता असं मात्र नाही.

शब्दांचा माग त्याहून सोपा आहे. पत्रिकेतलं "केंद्र" आणि "होरा" ग्रीकमधून आले. दहाव्या प्रश्नातला ड्राख्मा संस्कृतात द्रम्म झाला, शिलाहारांच्या कोकणातल्या लेखांत तो भेटतो, आणि त्यातूनच आपले दाम आणि दमडी निघाले.